घर आणि घराचा कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. मला भाषण करता येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, कारण आमच्या रत्नागिरीकडच्या खेड्यात शाळाच सातवीपर्यंत होती. पुढचे शिक्षण चुलीपुढे झाले. हळदीकुंकवाला वाण काय द्यावे, पन्नास माणसांच्या प्रसादाला रवा किती लागेल, हे मला विचाराल तर मी चटकन सांगेन. पण चिटणीसबाई हटून बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही घरासाठी कचेऱ्यांचे इतके उंबरे झिजवलेत, तेवढेच सांगा. त्यात कसले आलेय भाषण?" म्हणून उभी आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

आपण सगळ्याजणी ज्या वसाहतीत राहतो तिला सरकारी कागदात 'संक्रमण शिबिर' म्हणतात. आपण ट्रान्झिट म्हणतो. संक्रमण म्हणजे पुढे सरकणे, असे माझ्या मुलीने मला सांगितले. आपल्यापैकी कोणी गिरगावातून आल्या, कोणी लालबागहून, कोणी माझगावहून. मी परळहून आले. सगळ्यांना निघताना सांगितले होते, दोन-तीन वर्षांची बाब आहे. आज आपल्यातल्या काहींच्या मुली याच खोल्यांतून सासरी गेल्या. तेव्हा घराचा विषय आपल्याला परका नाही. पण मी आज तक्रार सांगायला उभी राहिलेली नाही. मी माझी एक चूक सांगणार आहे. ती ज्यांना भोवली त्या वहिनी पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊनच सांगते.

मी २००१ साली लग्न होऊन परळच्या चाळीत आले. तीन मजली इमारत, लाकडी जिना, लांब गॅलरी, मजल्याच्या टोकाला सार्वजनिक मोऱ्या. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. माझे सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांना पुन्हा कामावर जाणे झाले नाही. घर सासूबाईंनी खानावळीचे डबे करून चालवले. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण त्यांच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात त्या घरात येणारा प्रत्येक कागद ठेवीत. भाड्याच्या पावत्या, विजेची बिले, रेशनकार्ड, सासऱ्यांचा गिरणीतला पास, मुलांचे शाळेचे दाखले. महिन्याला मालकाचा मेहताजी पावती देऊन गेला की त्या ती पदराला पुसून डब्यात टाकीत. मी नवी सून. मला हसू यायचे. मी एकदा म्हणालेसुद्धा, "अहो आई, हा सगळा कचरा रद्दीत दिला तर दोन किलो कांदे येतील." त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि म्हणाल्या, "मला वाचता येत नाही म्हणून मी जपते. तुला येते ना, मग तू वाच तरी."

मी त्या वेळी ते मनावर घेतले नाही.

आमच्या समोरच्या खोलीत वहिनी राहत. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आंबट-तिखट त्यांनीच करून घातले. त्यांचे यजमान २००९ साली गेले. मुलीचे लग्न झालेले. वहिनी एकट्याच त्या खोलीत राहत, शेवया-पापड करून विकत. भाड्याची पावती मात्र अजून त्यांच्या सासऱ्यांच्या नावाने येत होती. सासरे १९९६ मध्येच गेलेले. यजमान असताना त्यांनी नाव बदलले नाही, ते गेल्यावर वहिनींना सुचले नाही, आणि मेहताजी तर म्हणायचा, "नाव काय करायचंय, भाडं मिळतंय ना?" आपल्याकडे घरोघर असेच चालते. मेलेली माणसे भाडेकरू म्हणून वर्षानुवर्षे जिवंत असतात, आणि जी जिवंत बाई त्या घरात दिवा लावते तिचे नाव कुठेच नसते.

२०१३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या इमारतीची पाहणी झाली. अगोदरच ती टेकूंवर उभी होती. जूनमध्ये तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचा एक तुकडा खाली आला. देवाची कृपा म्हणून खाली कोणी नव्हते. लगेच नोटीस लागली. इमारत धोकादायक, सर्वांनी खोल्या रिकाम्या कराव्या, ट्रान्झिटमध्ये खोल्या मिळतील. भाडेकरूंची यादी करायला माणसे येणार, असेही कळले.

नेमक्या त्याच आठवड्यात वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. एके दिवशी दुपारी त्यांचे दीर माझ्या दारात आले. त्यांचे स्वतःचे घर कल्याणला होते. पण गणपतीला, सणावाराला यायचे. मोठे सज्जन दिसायचे. हातात टाइप केलेला कागद. म्हणाले, "वहिनी इथे नाही, यादीत नाव राहून जाईल. शेजाऱ्यांच्या दोन सह्या लागतात. तुम्ही एक करा." माझा भात चुलीवर होता, धाकटा रडत होता, यजमान कामावर. मला वाटले, वहिनींचेच भले होते आहे. मी ओल्या हातानेच सही केली.

त्या कागदावर लिहिले होते की सदर खोलीत हे दीर आपल्या कुटुंबासह पूर्वापार राहतात, आणि त्यांच्याखेरीज तेथे कोणी राहत नाही.

भगिनींनो, मला वाचता येत होते. मी सातवी पास आहे. मी वाचले नाही.

पुढे सगळे भराभर झाले. आठ दिवसांत आम्ही टेम्पोत सामान भरले. वहिनी परत आल्या तेव्हा जिन्याच्या दाराला कुलूप, आणि त्यांची भांडी, अंथरूण, देव्हारा दोन बोचक्यांत बांधून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ठेवलेला. यादीत नाव दिरांचे. ट्रान्झिटची खोलीही दिरांच्या नावे. वहिनींनी त्यांना विचारले तर ते म्हणाले, "खोली आमच्या वडिलांची. तू लेकीकडे राहा." घर फिरले की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते हे.

मला यातले काही ठाऊक नव्हते. मला वाटले, वहिनींना दुसऱ्या वसाहतीत खोली मिळाली असेल. आपण आपल्या संसारात. नवी जागा, पाण्याची वेळ वेगळी, मुलांची शाळा लांब. दोन वर्षे मी त्यांची चौकशीही केली नाही. हीही माझीच चूक.

२०१५ साली माझ्या नणंदेला एका मोठ्या इस्पितळात ठेवले होते. रात्री मी तिच्यासाठी पेज घेऊन गेले. बाहेर आवारात रुग्णांचे नातेवाईक ओळीने झोपलेले असतात, आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या ओळीत मला वहिनी दिसल्या. उशाला एक पिशवी. मी घाबरून विचारले, "वहिनी, तुमचे कोण आजारी आहे?"

त्या म्हणाल्या, "कोणी नाही गं. इथे कोणी उठवत नाही."

लेकीच्या घरी एकच खोली, तिच्या सासूसासऱ्यांसह सात माणसे. महिनाभर राहून त्या स्वतःच निघाल्या. मग एका आजीबाईंकडे चोवीस तासांचे काम धरले, कारण कामाबरोबर झोपायला जागा मिळत होती. आजीबाई वारल्या, तेव्हा पगारही गेला आणि जागाही गेली. अकरा रात्री त्या त्या आवारात काढत होत्या. सकाळी तिथल्याच नळावर तोंड धुऊन काम शोधायला जात. नीटनेटके पातळ, कपाळावर टिकली. ओळखीचे कोणी पाहिले असते तरी त्याला संशय आला नसता.

आपण समजतो, बेघर म्हणजे पुलाखाली झोपणारी माणसे, ती वेगळी, आपण वेगळ्या. मला त्या रात्री कळले की यात फार अंतर नसते. बाई एका रात्रीत बेघर होत नाही. आधी कागदावरून तिचे नाव जाते, किंवा ते कधी चढलेलेच नसते. मग ती लेकीकडे पाहुणी होते, मग कामाच्या ठिकाणी, आणि सगळ्यांत शेवटी रस्त्यावर. पहिल्या पायरीवर तिला कोणी पाहत नाही. तिला स्वतःलासुद्धा वाटते की आपले घर आहे.

वहिनींना मी त्याच रात्री आपल्या खोलीत घेऊन आले. एवढीशी खोली, आम्ही पाच माणसे, त्यात सहाव्या त्या. यजमानांना झालेले सगळे सांगितले तेव्हा ते फार रागावले. म्हणाले, "सही दिलीस ना? आता ती फिरवलीस तर तुझ्यावरच शेकेल. गप्प बस." खोटे कशाला सांगू, मीही घाबरले. चार दिवस मी गप्पच होते. शेवटी सासूबाई बोलल्या. त्या यजमानांना म्हणाल्या, "अरे, तिने लिहिलेले खोटे आहे तर ते खोटे आहे म्हणून तिनेच लिहून द्यायला नको का?" मग यजमान काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा काढली आणि माझ्याबरोबर आले.

इथे पहिली गोष्ट आम्हांला कळली, ती तुम्ही पदराला गाठ मारून ठेवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचे उत्पन्न किती, हे विचारले जात नाही. स्त्री असणे एवढे पुरे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण म्हणून कचेरी असते, ती न्यायालयाच्या इमारतीतच असते. तिथे साधा अर्ज करायचा. आम्हांला एक वकीलबाई मिळाल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण समजावून सांगण्याची हातोटी अशी की सासूबाईंनाही कळले.

त्यांनी सांगितले, भाडेकरू मेला म्हणून भाडेहक्क मरत नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात असे आहे की राहत्या घराचा भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी जो घरचा माणूस त्याच्याबरोबर राहत होता, तो भाडेकरू होतो. म्हणजे प्रश्न खोली कोणाच्या वडिलांची हा नाही. कोण त्या घरात राहत होते, हा आहे. आणि ते सिद्ध करायला कागद लागतो.

वहिनींकडे काय कागद होते? दोन बोचक्यांत शोधता शोधता रेशनकार्ड सापडले, त्यावर परळचा पत्ता. गॅसचे पुस्तक सापडले. लेकीचा शाळेचा दाखला तिच्याकडून मागवला. यजमानांचा मृत्यूचा दाखला महापालिकेतून नव्याने काढला, त्यावरही तोच पत्ता. मतदारयादीची नक्कल काढली. आणि माझे प्रतिज्ञापत्र. त्यात मी लिहून दिले की अमुक तारखेची सही माझी आहे, ती मी मजकूर न वाचता केली, मजकूर खरा नाही, आणि मी २००१ पासून २०१३ पर्यंत या बाईंना त्या खोलीत राहताना रोज पाहिले आहे. तो कागद मात्र मी सही करण्यापूर्वी तीनदा वाचला. मोठ्याने वाचला.

आत काय वाटत होते ते आपल्या सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटते. न्यायालयात उभे राहिले तेव्हा दिरांच्या वकिलाने मला विचारले, "तुम्ही शिकलेल्या आहात का?" मी म्हणाले, "सातवी." ते म्हणाले, "म्हणजे वाचता येते." मी म्हणाले, "होय." त्यांचा रोख मला कळत होता. पण खरे तेच होते.

२०१८ मध्ये प्रकरण मिटले. पूर्ण न्याय झाला असे मी म्हणणार नाही. तडजोड झाली. दिरांनी खोलीवरचा हक्क सोडला, आणि वहिनींनी गावच्या घरातला यजमानांचा हिस्सा सोडला. वकीलबाई म्हणत होत्या, लढा, तोही मिळेल. वहिनी म्हणाल्या, "मला आता दोन घरे नकोत. एक दार हवे, ज्याला माझे कुलूप लागेल." वहिनींचे नाव यादीत चढले आणि ट्रान्झिटची खोली त्यांना मिळाली. मूळ इमारत अजून उभी राहायची आहे. पण ती उभी राहील तेव्हा त्यात वहिनींचे घर असेल, आणि कागदावर त्यांचे स्वतःचे नाव असेल.

आता या सगळ्या खेपांत मी जे शिकले ते क्रमाने सांगते. नव्याने आलेल्या भगिनींनी आणि ज्यांच्या इमारती अजून उभ्या आहेत अशा शेजारणींनी विशेष ऐकावे.

पहिले, भाड्याची पावती. भाडे दिले की लेखी पावती देणे मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी. "ओळखीचे आहेत, कशाला मागायची" असे म्हणू नये. आणि पावतीवर नाव गेलेल्या माणसाचे असेल तर ते आजच बदलण्याचा अर्ज द्यावा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. अर्जाच्या नकलेवर पोचेची सही घ्यावी. मालकाने नाव बदलले नाही तरी आपण मागितले होते, हा पुरावा राहतो.

दुसरे, थकलेले भाडे. हात आखडला म्हणून भाडे थकते, आणि मालक धमकावतो, "उद्या सामान बाहेर काढतो." घाबरून जाऊ नये. थकलेल्या भाड्यासाठी मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती दिल्यावर ९० दिवस थांबल्याशिवाय दावासुद्धा लावता येत नाही. त्या ९० दिवसांत पैसे भरावे आणि पावती घ्यावी. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकणे हेही कायद्याला मान्य नाही. पण याचा अर्थ भाडे द्यायचे नाही असा नव्हे. भाडे वेळेवर देणारीचा आवाज मोठा असतो.

तिसरे, इमारत धोकादायक ठरली तर. जिवापेक्षा घर मोठे नाही. दरवर्षी पावसाळ्यात मुंबईत इमारती पडतात, तेव्हा बाहेर पडावेच. पण रिकाम्या हाताने पडू नये. नोटिशीची नक्कल, भाडेकरूंच्या यादीची नक्कल, आपल्या खोलीचे मोजलेले माप आणि ट्रान्झिटच्या खोलीचे वाटपपत्र, हे चार कागद हातात असावे. मापाचे महत्त्व असे की जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे आपण ज्यांना सेसच्या इमारती म्हणतो त्यांच्या पुनर्विकासात राहत्या भाडेकरूला खोली कितीही लहान असली तरी किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. पण जिची खोली त्याहून मोठी होती तिला मोठे घर मिळते ते मापावरूनच. पाडून टाकलेल्या भिंती नंतर कोण मोजणार?

आणि एक धीराची गोष्ट. पुष्कळजणींना वाटते, इमारत पाडली की आपला हक्क संपला. तसे नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले आहे की इमारत पाडली गेली म्हणून भाडेहक्क संपत नाही. जागेशी भाडेकरूचे नाते राहते. म्हणून "आता काय उरले आहे, थोडे पैसे घ्या आणि सही करा" असे कोणी दारात म्हणत आले तर आधी वकिलाला दाखवावे.

चौथे, घर मिळते कसे. आपल्यापैकी काहींच्या मूळ इमारती पुन्हा बांधल्या जातील. काहींच्या जागा इतक्या अरुंद किंवा रस्तारुंदीत गेलेल्या की तिथे इमारत होणारच नाही. अशा भाडेकरूंची एक बृहतसूची असते. आपण मास्टर लिस्ट म्हणतो ती हीच. त्या सूचीत आपोआप नाव येत नाही, अर्ज करावा लागतो, पात्रता तपासली जाते. २०२३ च्या डिसेंबरात या सूचीवरच्या भाडेकरूंना संगणकीय सोडत काढून घरे दिली गेली. सोडत संगणकाने निघते म्हणजे वशिला कमी होतो, ही चांगली गोष्ट. पण अर्जच केला नाही तर संगणक तरी काय करील?

म्हाडाची दुसरी सोडत सर्वांसाठी असते. तिची जाहिरात वर्तमानपत्रात येते. अर्ज संगणकावरून करायचा, अनामत रक्कम भरायची, घर लागले नाही तर ती परत मिळते. उत्पन्न नवराबायकोचे मिळून धरतात. अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च असे गट असतात. आपला गट नीट पाहून अर्ज करावा, नाही तर घर लागूनही हातचे जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे, म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही. "साहेब माझ्या ओळखीचे, दोन लाख द्या" असे सांगणाऱ्याला एक रुपया देऊ नये. आपल्याच वसाहतीत एकीचे मंगळसूत्र असे गेले आहे. नाव सांगत नाही, तिला दुःख होईल.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची सोडत निघाली, तेव्हा कामगार किंवा त्याचे वारस असा पुरावा ज्यांच्याकडे होता त्यांचीच डाळ शिजली. सासूबाईंच्या डब्यातला तो पिवळा पडलेला पास तेव्हा बाहेर निघाला. ज्या पासाला मी रद्दी म्हटले होते, त्यावर आमचा अर्ज गेला आहे. नंबर अजून लागला नाही, पण अर्ज उभा आहे तो त्या पासावर.

पाचवे, बाईचे नाव. शेजारच्या झोपडपट्टीतल्या ज्या भगिनी आज आल्या आहेत त्यांना सांगते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत झोपडीधारकाचा करार नवराबायको दोघांच्या नावे करावा, असा नियमच आहे. तुमच्या घरचे म्हणतील, "त्याचे एकट्याचे पुरे." त्यांना नियम दाखवा. घर विकत घेत असाल तर बाईच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ती १ एप्रिल २०२१ पासून मिळते. प्रेमाने ऐकत नसतील ते पैशाच्या हिशेबाने ऐकतात, हा माझा अनुभव आहे. ज्या भगिनी अकरा महिन्यांच्या कराराने राहतात त्यांनी करार लेखी करून घ्यावा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे आधी खरे धरले जाते.

पुरुषांवर विश्वास ठेवू नका, असे मी म्हणत नाही. माझ्या यजमानांनी रजा काढून माझ्याबरोबर खेपा घातल्या नसत्या तर मी न्यायालयाची पायरी चढले नसते. पण विश्वास आणि कागद यांचे वैर नाही. लग्नात आपण अग्नीची साक्ष ठेवतो, म्हणजे काय नवऱ्यावर अविश्वास दाखवतो? घरालाही साक्ष हवी.

सहावे आणि शेवटचे, सही. सही म्हणजे उपकार नव्हे, सही म्हणजे शपथ आहे. कोणी कितीही ओळखीचे असो, चुलीवरचा भात करपला तरी चालेल, वाचल्याशिवाय सही करू नये. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आणि कोऱ्या कागदावर तर देवाने मागितली तरी देऊ नये. माझा भात त्या दिवशी करपला नाही. छान मोकळा झाला होता. आम्ही सर्वांनी तो जेवून घेतला. आजही आठवले की घास अडतो.

आता मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपण दर महिन्याला भिशीसाठी जमतो. एका महिन्याच्या भिशीला प्रत्येकीने आपापल्या घरचे कागद आणावे. कोणाचे नाव राहिले आहे, कोणाची पावती कोणाच्या नावाने आहे, कोणाकडे वाटपपत्र नाही, हे एकमेकींनी पाहावे. ज्यांना वाचता येते त्यांनी दुसऱ्यांचे वाचून द्यावे. सगळ्या कागदांच्या दोन-दोन नकला काढून एक संच लेकीकडे किंवा बहिणीकडे ठेवावा, कारण पाणी आणि उंदीर ट्रान्झिटला सोडत नाहीत. आणि वसाहतीतली एखादी खोली बंद दिसली, एखादी बाई चार महिने दिसली नाही, तर "लेकीकडे गेली असेल" असे म्हणून सोडून देऊ नये. जाऊन पाहावे. मी दोन वर्षे गेले नाही.

सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. तो पत्र्याचा डबा त्यांनी आजारपणात माझ्याकडे दिला. मी उघडून पाहिला, तर सगळ्यांत वर माझ्याच प्रतिज्ञापत्राची नक्कल होती. त्यांना वाचता येत नव्हते, पण कोणता कागद वर ठेवायचा हे त्यांना कळत होते. आता त्या डब्याचे झाकण नीट बसत नाही, इतके कागद झाले आहेत. नवा डबा घ्यायचा आहे. वहिनी म्हणाल्या आहेत, त्यांच्यासाठीही एक आण.

 जास्तकमी बोलले असेल त्याची क्षमा असावी. पुढच्या महिन्याच्या भिशीला येताना कागद विसरू नका, एवढे सांगून मी आपली रजा घेते.